जीझस लेनवरचे बंद चर्च

केंब्रिज

प्रिय सदानंद यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. उपासना बंद झालेले चर्च जतन करण्याजोगे असते का, की चार भिंती विकून मोकळे व्हावे, असे तू विचारले आहेस. वास्तुकलेच्या माणसाला याचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा एका इमारतीने द्यावे, म्हणून जीझस कॉलेजसमोरच्या ऑल सेंट्स चर्चविषयी सविस्तर लिहितो.

या पॅरिशचे, म्हणजे इथल्या वस्तीच्या धर्मविभागाचे, मूळचे मध्ययुगीन चर्च ट्रिनिटी कॉलेजसमोर होते. ती जागा अगदीच अडचणीची होती, म्हणून जीझस लेनवर नवे चर्च बांधून जुने १८६५ मध्ये पाडण्यात आले. नव्याचा वास्तुकार जॉर्ज फ्रेडरिक बोडली. हा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या हाताखाली तयार झालेला, म्हणजे ज्यांनी भारतात पाऊलही न ठेवता मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर रेखाटला, त्यांचा शिष्य. मात्र गुरूला मुंबईत जी कोरीव कामाची हौस फिटवता आली, तिचा मागमूस शिष्याच्या या इमारतीवर बाहेरून दिसत नाही. बोडलीचे आधीचे काम फ्रेंच गॉथिक वळणाचे, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीच्या फ्रेंच घाटाचे होते. इथे त्याने ते सोडून चौदाव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिकचा संयमित घाट स्वीकारला, आणि इंग्लंडमधल्या चर्चबांधणीचे वळण त्यानंतर बरेच बदलले. मुख्य बांधकाम १८६३-६४ चे, मनोरा आणि त्यावरचा निमुळता कळस १८७१ पर्यंत पुरा झाला. उंची सुमारे १७५ फूट. बाह्यरूपाबद्दल एवढे पुरे, कारण खरा ऐवज आत आहे.

आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा फक्त अंधार जाणवतो. डोळे सरावले की मग ध्यानात येते की भिंत म्हणून कोरी अशी जागाच जवळपास शिल्लक ठेवलेली नाही. गेरूसारखा तांबडा आणि गडद हिरवा यांच्यावर डाळिंबे, फुले, पाने आणि मधून मधून लॅटिन अक्षरांच्या पट्ट्या छतापर्यंत चढत गेल्या आहेत. हे सारे स्टेन्सिलचे काम आहे. कातरलेला साचा भिंतीला लावायचा, आखूड केसांच्या कुंचल्याने रंग ठोकत भरायचा, साचा उचलून पुढच्या खुणेवर ठेवायचा, असे महिनोन्‌महिने चालणारे हे काम. रांगोळीचे छापे आपण वापरतो त्याच जातीचे तंत्र, फक्त उभ्या भिंतीवर आणि परांचीवर उभे राहून. अगदी जवळ जाऊन पाहिले की यंत्राने छापलेल्या कागदापेक्षा हे वेगळे का दिसते ते कळते: एका पाकळीत रंग दाट बसलेला असतो, शेजारच्या पाकळीत विरळ, आणि कमानीच्या कडेला जिथे पूर्ण आकृती मावत नाही तिथे कारागिराने देठ हाताने वळवून जागा भरून काढलेली असते.

सजावटीची कल्पना मुख्यतः बोडलीची. प्रत्यक्ष काम बरेचसे केंब्रिजमधल्याच फ्रेडरिक लीच या रंगकाम-ठेकेदाराच्या माणसांनी केले. वेदीमागची पूर्वेची मोठी खिडकी १८६६ ची, नक्षीकार विल्यम मॉरिसच्या कंपनीची. तिच्या आकृत्या चित्रकार बर्न-जोन्स, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन आणि स्वतः मॉरिस यांनी रेखाटल्या. मला तिचे विशेष कौतुक वाटते ते तिच्या फिकेपणाचे. त्या काळच्या बहुतेक खिडक्या निळ्या-लाल रंगांनी ठासून भरलेल्या असत. इथे संतांच्या आकृत्या चंदेरी, जवळजवळ रंगहीन काचेत उभ्या आहेत, त्यामुळे वेदीपाशी उजेड पोचतो आणि भोवतीच्या गडद भिंतींना तो पेलता येतो. काच आणि भिंत यांचा विचार एकत्र झाला होता, याचा याहून चांगला पुरावा मला तरी नको. बोडलीने रेखाटलेले अ‍ॅलाबास्टर या मऊ, फिकट दगडाचे बाप्तिस्माकुंड आणि संतांची चित्रे रंगवलेले प्रवचनपीठ हेही त्याच विचारातले. उशिरा आलेली, पण मला आवडणारी एक खिडकी डग्लस स्ट्रॅचनची, १९४४ ची: तिच्यात तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय, समाजसुधारक जोसेफिन बटलर आणि परिचारिका एडिथ कॅव्हेल आहेत. युद्ध चालू असताना अशा स्त्रियांना काचेत जागा देणाऱ्या मंडळींचा मला आदर वाटतो.

१९७३ मध्ये चर्च बंद झाले. पाडण्याचीही भाषा झाली. अखेर १९८१ मध्ये ते ज्या संस्थेकडे गेले तिला आज चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट म्हणतात. इंग्लंडमधली साडेतीनशेहून अधिक बंद चर्चे तिच्या ताब्यात आहेत. ती धर्मदृष्ट्या पवित्रच राहतात आणि त्यांत क्वचित उपासनाही होते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझे मत थोडे उलटे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिक्टोरियन रंगकाम भडक आणि भिकार समजले जाई, आणि चालत्या चर्चांमध्ये ते सर्रास पांढऱ्या रंगाखाली गेले. ज्या चर्चकडे उत्साही मंडळ आणि पैसा होता, तिथे अधिक नुकसान झाले. इथे दोन्ही आटत गेले, म्हणून डाळिंबे वाचली. तेव्हा विकून मोकळे होणे मला मान्य नाही. घरे किंवा कचेऱ्या करायच्या तर मध्ये मजले टाकावे लागतात, आणि जमिनीपासून छतापर्यंत एकसंध वाचायची ही भिंत मधोमध तुटते. बाके हलवा, मैफली करा, त्याला माझी हरकत नाही.

लीचच्या पदरी डेव्हिड पार नावाचा एक कारागीर होता. त्याने १८८६ मध्ये इथल्याच ग्विडर स्ट्रीटवर एक साधे चाळवजा घर घेतले आणि पुढची चाळीस वर्षे, दिवसभराचे काम आटोपल्यावर, चर्चे आणि श्रीमंतांच्या हवेल्या सजवताना हाताला बसलेली तीच नक्षी आपल्या बैठकीच्या भिंतींवर उतरवली. ते घरही आता पाहता येते. तू उन्हाळ्यात येणार असशील तर तारीख लवकर कळव. चर्चमध्ये सहज जाता येते, पण त्या घरात एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि तिकीट आधी काढावे लागते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत