केसपेपरची खिडकी साडेअकराला बंद होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्यांना येणाऱ्या ताई तुर्भे स्टोअरला राहतात. नेरुळमध्ये त्यांची चार घरची कामं आहेत. यंदा पावसाळ्यात जिना चढून आल्या की त्या दारातच बसायच्या. चेहरा पांढराफटक. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, पाच महिने अंगावरून जात होतं. "दवाखान्यात का गेला नाहीत?" असं मी जरा रागानेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तीनदा गेले की, बाई."

पहिल्यांदा त्या दोन घरं उरकून पोहोचल्या तेव्हा पावणेबारा वाजले होते, केसपेपरची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्यांदा पहाटे निघून नंबर लावला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांचा वार दुसरा निघाला. तिसऱ्यांदा डॉक्टर भेटले. सोनोग्राफी लिहून दिली, पण तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची, आणि घाई असेल तर बाहेरून करून आणा म्हणून सांगितलं. तीन दिवसांचे तीन खाडे झाले. चारपैकी तीन घरांनी त्याचे पैसे कापले. त्यातलं एक घर माझं होतं. मधल्या काळात वस्तीतल्या एका डॉक्टरकडे सलाईन आणि इंजेक्शनं घेऊन त्यांनी दिवस ढकलले, कारण तो रात्री साडेनऊपर्यंत बसतो.

चौथ्या वेळी मी सोबत गेले. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एका इमारतीला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. खिडकी तीच होती, रांगही तीच. तरुण डॉक्टरांनी मला "मॅडम, तुम्ही बसा" म्हटलं आणि बावन्न वर्षांच्या ताईंना विचारलं, "कधीपासून होतंय गं तुला?" उत्तर ताई देत होत्या, डॉक्टर बघत होते माझ्याकडे. मी वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी कुठे बसतात एवढंच विचारलं आणि सोनोग्राफी त्याच दिवशी झाली. हिमोग्लोबिन सहाच्या खाली निघालं. संध्याकाळी त्यांना दाखल करून रक्त चढवलं.

घरी आल्यावर हायसं वाटायला हवं होतं, पण मला तसं वाटलं नाही. त्या बाकावर हातात कागद घेऊन बसलेल्या आणखी बायका होत्या. सोबत कुणी नसलेल्या. माझ्या एका प्रश्नाने त्यांच्यापैकी कुणाचा तरी नंबर मागे गेला असणार. जिला माझ्यासारखी, नगरसेवकाच्या चिठ्ठीसारखी किंवा नात्यातल्या कुणा कंपाउंडरसारखी सोबत नाही, तिच्यासाठी तेच रुग्णालय वेगळं असतं.

डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्या सकाळी त्यांना पाणी प्यायलाही उठता आलं नाही, हे मी पाहिलं. पण तपासणीची वेळ ठरवताना कामावर जाणाऱ्या बाईचा विचार कुणी केला आहे का? धुणीभांडी, पोळ्या, नाक्यावरचं काम, एमआयडीसीतली पहिली पाळी, या सगळ्यांची वेळ आणि ओपीडीची वेळ एकच. उपचार फुकट असले तरी त्या सकाळची मजुरी जाते, रिक्षाचं भाडं जातं आणि पुढच्या खाड्याची धास्ती लागते.

सरकारने काहीच केलं नाही, असंही मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. पण तो निर्णय त्या विभागापुरता आहे, महापालिकांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. ठाणे असो की नवी मुंबई, वस्तीतल्या बाईला सर्वांत जवळचं असतं ते पालिकेचंच. कोणती पाटी कोणाची, हे तिने कसं ओळखायचं? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना ती खुली झाली, हे फार चांगलं झालं. मात्र ती प्रामुख्याने दाखल झाल्यानंतर कामी येते. दाखल होण्याआधीचे पाच महिने तिच्यात बसत नाहीत. शिवाय ताईंचं रेशनकार्ड वाशिमकडे गावाला, सासूच्या ट्रंकेत आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली. भेदभावाविना उपचार मिळणं आणि आपल्या आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं, हे त्यातले हक्क आहेत. ताईंच्या आजाराची माहिती मला दिली गेली, त्यांना मी दिली, तीही रिक्षात.

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ स्त्रियांची ओपीडी ठेवा, आणि त्याच वेळेत रक्त-लघवी तपासणी व सोनोग्राफीही चालू ठेवा, नाहीतर नुसती ओपीडी उघडून पुन्हा सकाळची तारीख हातात पडेल. कोणत्या वारी कोणते डॉक्टर हे नागरी आरोग्य केंद्रातच सांगा, आशाताईंमार्फत वस्तीत पोहोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना इकडून तिकडे नेणारं एक माणूस केसपेपरच्या खिडकीशी नेमा, म्हणजे ओळखीची गरज उरणार नाही. आणि प्रत्येक बाईला 'अहो' म्हणा. त्याला निधी लागत नाही.

माझ्यासारख्या घरांनाही सांगायचं आहे. दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नका. मी कापलेले पैसे परत दिले. ताईंनी ते घ्यायला आधी नको म्हटलं, मग पदराच्या गाठीला बांधले. येत्या गुरुवारी त्यांना पुन्हा बोलावलं आहे, सकाळी नऊला. उरलेल्या तीन घरांशी मी बोलले. दोन तयार झाली आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई