वाकड्या कंदिलाकडे नीट बघा

संपादक महोदय,
स. न.

मी बदलापूरला राहतो. वय ५४, धंद्याने फिटर. दरवर्षी दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुलांना घेऊन आकाशकंदील करतो. यंदा सात मुलं होती. त्यांतल्या चौथीतल्या एका मुलीने आपला कंदील शाळेत नेला आणि तो 'फिनिशिंग नाही' म्हणून परत आला. व्हरांड्यात जे लागले त्यांतले बरेचसे दुकानातून आणलेले होते, असं मुलंच सांगतात. मुलगी रडली वगैरे नाही. तिने कंदील जिन्याखाली ठेवून दिला. ते बघितल्यापासून मला हे पत्र लिहायचं होतं.

तो कंदील कसा झाला ते मला ठाऊक आहे. आपला नेहमीचाच, जुन्या पद्धतीचा. त्याला बांबूच्या सारख्या मापाच्या २४ कमट्या लागतात. चार-चार कमट्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर आडवा, एक खाली आडवा आणि मधले चार कोपऱ्यावर उभे, शेजाऱ्याला टोक टेकवून. असे बारा सांधे बांधले की आठ त्रिकोण दिसायला लागतात. ते कोणी बांधलेले नसतात, आपसूक होतात. शेवटचा सांधा आवळल्यावर मुलं ते त्रिकोण दोन-दोनदा मोजतात.

या मुलीचा सांगाडा एका बाजूला कलत होता. गाठी सैल असतील म्हणून तिने तीन सोडल्या, पुन्हा बांधल्या. तरी कललेलाच. मग एक कमटी हातात घेऊन ती बाकीच्या सगळ्यांना लावून बघायला लागली. मला चूक आधीच दिसली होती, पण मी गप्प बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी ती म्हणाली, "काका, ही अर्धं बोट मोठी आहे." तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाजारात कापून, भोकं पाडून, स्टिकर लावून मिळणाऱ्या सामानात ही अर्ध्या बोटाची चूक नसते, त्यामुळे ती सापडण्याचा आनंदही नसतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार आवडते. नुसता सांगाडा हातात डुलतो, कारण चार काठ्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो. पण त्यावर पतंगाचा कागद खळीने ताणून चिकटवला आणि वाळू दिला की तोच सांगाडा ताठ होतो. फुंकरीने फाटेल असला कागद बांबूला धरून ठेवतो. मी तीस वर्षं लोखंडात काम करतोय, तरी दर दिवाळीला वाळलेला कंदील दोन्ही तळव्यांत धरून हळूच दाबून बघतो.

हे मला वडिलांनी शिकवलं. ते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापडाचा माग चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दिवाळी आली तेव्हा घरात दहा महिने पगार नव्हता. मी अकरा वर्षांचा होतो. बाबा बोलायचेच बंद झाले होते. चाळीच्या गॅलरीत बसून हातांकडे बघत राहायचे. एका सकाळी त्यांनी गणपतीच्या मांडवातला उरलेला बांबू आणला, कोयत्याने फोडला आणि मला म्हणाले, "धर. सोडू नको." त्यांच्या बोटांत विणकराची गाठ होती, साच्यावर तुटलेला धागा जोडायची, बारीक आणि न सरकणारी. तीच गाठ ते कमट्यांना मारत होते. दिवसभरात ते मला वीसेक वाक्यं तरी बोलले असतील. कमटीची हिरवी पाठ बाहेर ठेव, चिवट असते. गाठ मारलीस की ओढून बघ. कागद मिळाला तोही दोनच रंगांचा, लाल आणि पिवळा. आत झिरोचा बल्ब. पुढे गिरणी गेली, चाळही गेली. ती गाठ माझ्या बोटांत आहे आणि आता गच्चीवरच्या दोन मुलांना येते.

शिक्षकांना मला एवढंच सांगायचं आहे की वाकड्या कामाचं खोटं कौतुक करू नका. मुलांना ते कळतं. मी आयटीआयला होतो तेव्हा पहिलं काम होतं लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचं. आमचे सर त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड आला की बोट ठेवून म्हणायचे, "इथून येतोय." माझा तुकडा त्यांनी तीनदा परत दिला, पण प्रत्येक वेळी बोट ठेवून दिला. चौथ्या वेळी फट नव्हती, तेव्हा त्यांनी तो माझ्याच हातात दिला आणि मला उजेडासमोर धरायला लावला. परत देणं आणि परत पाठवणं यांत फरक आहे. त्या मुलीला कोणी दोन मिनिटं देऊन कागदाला कुठे सुरकुती पडली, का पडली हे विचारलं असतं, तर तिने रात्री बसून तो कागद बदलला असता.

विकत घेणाऱ्यांवर माझा राग नाही. माहीमच्या कंदील गल्लीत जे कंदील टांगलेले असतात तेही कुणाच्या तरी बोटांनी बांधलेले असतात, आणि त्या बोटांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण शाळेने 'करून आणा' म्हटलं असेल तर केलेलाच कंदील बघावा. नाहीतर 'विकत आणा' असं सरळ सांगावं.

जिन्याखालचा कंदील आम्ही इमारतीच्या दारावर लावला आहे. कललेली बाजू रस्त्याकडे आहे, कारण तारेला तिथूनच वळण मिळतं.

आपला,
एक वाचक, बदलापूर

ता. क. : खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या कंदिलाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, ते मोठ्यांनीच घालावं आणि भांडं वेगळं ठेवावं.