स्मरणिकांतील छायाचित्रे आणि लेखी परवानगी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापूरच्या पेठापेठांतून मंडळांच्या स्मरणिकांची घाई सुरू होते, आणि त्या घाईत इतरांची छायाचित्रे व लेख ज्या सहजतेने उचलले जातात, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. मागच्या वर्षीच्या एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर रंकाळ्यावरील सूर्यास्ताचे देखणे छायाचित्र होते. खालच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराच्या नावाची अर्धी कापलेली अक्षरे शिल्लक होती, तर आतल्या पानावर ‘छायाचित्र साभार : इंटरनेट’ असे छापले होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृती निर्माण होताच तिच्यावरील हक्क उत्पन्न होतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे ‘चित्रावर कुणाचे नावच नव्हते’ ही सबब टिकत नाही. आपले श्रेय सांगण्याचा निर्मात्याचा हक्क कलम ५७ मध्ये स्वतंत्रपणे दिलेला आहे, म्हणून नाव छापल्याने छापण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. स्मरणिका फुकट वाटतो, हे उत्तरही पुरेसे नाही, आणि पानोपानी सराफांच्या व मिठाईवाल्यांच्या जाहिराती असताना तर ते शोभतही नाही.

मंडळाने पैसे देऊन खास काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मंडळाकडे येतो. मानधन देऊन मागवलेल्या लेखाचे मात्र तसे नाही. तो लेखकाचाच राहतो, आणि लेखी हस्तांतरणात मुदत नमूद केली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. दहा वर्षांपूर्वीचा लेख लेखकाला न विचारता पुन्हा छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील, म्हणजे निर्मात्यानेच ठरावीक अटींवर सर्वांना वापरू दिलेले साहित्य विनामूल्य वापरता येते, पण विनाअट नव्हे. निर्मात्याचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि बदल केले असल्यास तसे नमूद करणे आवश्यक असते. मराठी विकिपीडियावरील मजकूर घेऊन त्यात भर घातली, तर तो नवा मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असे लिहिलेले चित्र जाहिरातींच्या स्मरणिकेत चालेल असे गृहीत धरू नये.

खरे तर आपल्याकडे घरचीच श्रीमंती पुष्कळ आहे. चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजल्यावर हक्क संपतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली आणि बाबूराव पेंटर १९५४ साली निवर्तले, म्हणजे बाबूरावांच्या चित्रांवरील मुदतही २०१४ अखेर संपली. अशी चित्रे उपलब्ध असताना इंटरनेटवरचा कुणाचा तरी सूर्यास्त कापून वापरण्याचे कारण काय, हे मला उमगलेले नाही.

परवानगी लेखी हवी, पण त्यासाठी वकील लागत नाही. कोणते चित्र, कोणत्या वर्षाची स्मरणिका, किती प्रती, फ्लेक्सवर आणि समाजमाध्यमांवर वापरायचे की नाही, एवढे लिहून निर्मात्याचा होकार ई-मेलवर घ्यावा. शहरातील मुद्रकांनी प्लेट करण्यापूर्वी मजकुराबरोबर हे होकारही मागून घेण्याचा प्रघात पाडावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर