रेषेबाहेरचा बिंदू

इंदूर
रविवार, रात्र

प्रिय पद्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा तुझा फोन आला तोही राहिला. माझंच चुकलं. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. आज लिहितोय कारण ते प्रॅक्टिकल पुन्हा समोर येऊन उभं राहिलं.

एम.एस्सी.ला आलेखातला एक बिंदू मी खोडून रेषेवर आणून बसवला आणि तू पंधरा दिवस बोलला नाहीस. सराफ्यात गराडू खाताना समेट झाला, तोही माझ्या पैशाने दोन प्लेटी हाणल्यावर!

तेव्हा डोक्यात फक्त समीकरणं होती. मग सुखनिवासला आपण इंडस-2, ते इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश काढणारं यंत्र, बघायला गेलो. 172.5 मीटर घेराचं कडं, 2.5 जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या. इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, पण वळताना प्रकाश टाकतात, आणि पडद्यावर त्याचा आडवा, चपटा ठिपका थरथरत होता. तू जेवायला चल म्हणत राहिलास, माझा पाय निघेना. बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, कुठे आहे, केवढा आहे, हे शोधत आयुष्य काढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. हे काम धरलं तेव्हा तू म्हणालास, "रीडिंग खोडणारा बीम मोजणार?" पद्या, ते अजून लागतं.

सध्या एका बीम पोझिशन मॉनिटरचं कॅलिब्रेशन करतोय. बीमच्या नळीत सिग्नल पकडणाऱ्या चार चकत्या, म्हणजे बटणं, असतात. बीम ज्याच्या जवळ, त्याचा सिग्नल मोठा. उजव्या दोघांच्या बेरजेतून डाव्या दोघांची वजा करायची, चौघांच्या बेरजेने भागायचं, गुणकाने गुणायचं, की जागा मिळते. मध्याजवळ हे सरळ चालतं, कडेकडे वाकतं. म्हणून आधी टेबलावर नळीतून बारीक तार ताणून, तिच्यात सिग्नल सोडून, ती सरकवत तक्ता करावा लागतो.

उजवीकडे 3 मिलिमीटरवरचा एकच बिंदू 80 मायक्रॉन बाहेर पडतोय. तीनदा घेतला, तिथेच. तो गाळला तर वक्र इतका सुरेख बसतो की काल रात्री माझा हात त्या ओळीवर जाऊन थांबला. कोणी विचारणार नव्हतं. पण उद्या याच तक्त्यावर विसंबून चुंबक बीमला ढकलतील, आणि तक्ता खोटा असेल तर नीट चाललेल्या बीमलाच वाकडं करतील. झोप लागली नाही. रीडिंग खरं असेल या भीतीने नाही, मी अजून तोच आहे की काय या भीतीने.

चिमीच्या दहावीचं काय झालं? बडोद्याची बदली टळली का? वहिनींना नमस्कार, काकांना म्हणावं दिवाळीत रामबागेत या.

ओळ ठेवली आहे. सकाळी नळीचा ठोकळा 180 अंश फिरवून पुन्हा घेणार. बिंदू उजवीकडेच राहिला तर दोष सरकपट्टीचा, डावीकडे गेला तर मॉनिटरचाच. काय निघतं ते रात्री फोनवर सांगतो. उचल.

तुझा,
नंदू