सेवेतल्या इंजिनांचा हिशेब

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइसची सेवेतली इंजिनं वाढतायत म्हणजे कंपनीचं उत्तम चाललंय, असं तू लिहिलंस. अरे, दोन ओळींत उत्तर देऊन मला राहवणार नाही. इंजिनांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

मोठं इंजिन विकताना कंपनीच्या हाती फारसं उरत नाही, कित्येकदा पदरचेच जातात. कमाई होते ती इंजिन उडत असताना. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश इंजिन कंपनीने आपल्या वायपर जेट इंजिनासाठी ‘पॉवर बाय द अवर’ सुरू केलं: ग्राहकाने उड्डाणाच्या तासामागे ठरलेली रक्कम द्यायची, दुरुस्ती कंपनीने सांभाळायची. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि त्यांचा ‘टोटलकेअर’ करार त्याच विचारावर उभा राहिला.

म्हणून मी आधी तास बघतो, मग संख्या. एअरबसचं चार इंजिनांचं एक ए३४०-६०० विमान निवृत्त झालं की रोल्स-रॉइसची चार ट्रेंट ५०० इंजिनं यादीतून जातात. त्याच्या जागी दोन इंजिनांचं ए३५० आलं तर ट्रेंट एक्सडब्ल्यूबी दोनच येतात. यादी आखडते, पण ती दोन रोज लांब पल्ल्याला उडाली तर कमाई आखडत नाही. उलट २०२० मध्ये इंजिनं जागच्या जागी होती, विमानंच उडेनात. मोठ्या इंजिनांचे तास आदल्या वर्षाच्या निम्म्याखाली आले, आणि कंपनीला हजारो नोकऱ्या कमी करून भागधारकांकडून २ अब्ज पौंड उभे करावे लागले.

तरुण इंजिनांचा ताफा आणखी फसवा. तासांचे पैसे पहिल्या दिवसापासून येतात, मोठ्या ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचा, खर्च मात्र काही वर्षांनी. तोवर सगळं छान दिसतं. ट्रेंट १००० च्या मधल्या टर्बाइनची पाती गंधकाच्या क्षरणाने अपेक्षेआधीच तडकू लागली, तेव्हा २०१८ च्या सुमारास ही इंजिनं लावलेली बोइंगची कित्येक ड्रीमलायनर विमानं जमिनीवर अडकली. इंजिनं ठरल्या वेळेआधी उतरवावी लागली, बदली इंजिनं पुरेनात, शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कारखान्यात, रांग लागली. जितकी जास्त इंजिनं विकलेली, तितकी ती रांग लांब. पात्यांची रचना बदलून नवी पाती बसवणं हा एकच उपाय होता, आणि ते काम वर्षानुवर्षांचं.

या धंद्याचा खरा कस ‘टाइम ऑन विंग’ला, म्हणजे इंजिन न उतरवता किती काळ चालतं, याला लागतो. टर्बाइनमध्ये येणारा वायू पात्यांच्या मिश्रधातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पातं टिकतं ते आतून खेळवलेल्या हवेवर आणि वरच्या लेपावर. त्यात धूळ-वाळू गेली की लेप झिजतो, थंड हवेची छिद्रं बुजतात. २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये एमिरेट्स विमान कंपनीचे अध्यक्ष टिम क्लार्क एक्सडब्ल्यूबी-९७ या इंजिनाबद्दल जाहीरपणे बोलले ते यावरूनच. ते इंजिन लागणारं ए३५०-१००० त्यांनी तेव्हा घेतलं नाही, ए३५०-९०० घेतली. पुढे रोल्स-रॉइसने ट्रेंट इंजिनं अधिक टिकाऊ करायला १ अब्ज पौंड काढले. नव्या ऑर्डरींपेक्षा मला ही बातमी मोठी वाटली.

कंपनीचा पुढचा अहवाल आला की मला पाठव. त्यात उड्डाणतास आणि शॉप व्हिजिट यांच्या ओळींवर खूण कर; त्यावर आपण नीट बोलू.

तुझा,
श्रीराम