ओळख पाहू, म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हरिहरेश्वरला कुणाकडे उतरलो होतो, आठवतंय ना?" मी "हो हो" म्हटलं. खोटं होतं ते. मला ती सहलच आठवत नाही. गेली दोन वर्षं मी अशीच "हो हो" करत वेळ मारून नेतेय.

परवा डॉक्टरांनी माझ्या मेंदूचा एमआरआय समजावून सांगितला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, टेम्पोरल लोब नावाच्या भागात, कानाच्या आतल्या अंगाला, एकेक हिप्पोकॅम्पस असतो. नव्या आठवणी तिथे पक्क्या होतात. माझा डावा आकसलाय, तिथे व्रण आहे, आणि माझी फिटही तिथूनच सुरू होते. पोटातून काहीतरी वर चढतं, मग मी ओठ चाटत, ओढणी चिवडत बसते. आई, तू जिला 'तंद्री' म्हणतेस ना, तीच. डावी बाजू बहुतेकांची शब्दांची, म्हणून नावं निसटतात. गणपतीत मी "ते दे गं, नारळ खवतो ते" म्हणत राहिले, विळी हा शब्द काही येईना. सगळे हसले, मीही हसले. मग मोरीत नळ सोडून रडले.

भाजणीवरून तुझ्यावर ओरडले, तेही सांगायचंय. भीती-राग सांभाळणारा अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला अगदी खेटून आहे. उदासपणाही पुष्कळदा या फिटच्या आजारातूनच येतो, "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून तो जात नाही. वर माझी फिटवरची लेव्हेटिरासिटामची गोळी काहींना तिरसट करते. डॉक्टर ती हळूहळू बदलताहेत. "बंदच कर" म्हणू नकोस हं, एकदम सोडली तर फिट उसळतात.

आणि दीड वर्षाची असताना तापात आलेली ती लांबलेली फिट. अशी फिट आणि हा व्रण पुष्कळांत एकत्र दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. हे तुला सांगू की नको, आठवडाभर ठरत नव्हतं. पण तू तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस, हे आजीनेच सांगितलंय. तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं.

दिवाळीला येते. तंद्री लागली तर कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. शेजारी बसा, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर दवाखान्यात न्या.

बाबा, अल्बम काढून ठेवा. फक्त "ओळख पाहू" नको. तुम्ही नावं सांगत चला, मी वहीत लिहून घेईन. हरिहरेश्वरापासून सुरुवात करू.

तुमची,
ताई