पाव मळून केलेली जपमाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोव्हिएत काळातील मराठी पुस्तकांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला आणि आमच्या घरातले जुने कपाट डोळ्यांपुढे आले. मॉस्कोहून येणाऱ्या त्या स्वस्त, सचित्र पुस्तकांची माझ्या पिढीने पारायणे केली आहेत, त्यामुळे लेखातला जिव्हाळा मला परका नाही. तरीही त्यात न आलेली एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आम्ही ती पुस्तके वाचत होतो त्याच काळात त्या देशात गीतेचे भाषांतर चोरून छापल्याबद्दल आणि चार जणांनी मिळून नामजप केल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती.

जून 1971 मध्ये इस्कॉन या कृष्णभक्ती चळवळीचे संस्थापक ए. सी. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद काही दिवसांसाठी मॉस्कोला गेले. तिथे अनातोली पिन्यायेव हा तरुण त्यांचा शिष्य झाला, आणि पुढच्या दहा वर्षांत मॉस्कोपासून आर्मेनियापर्यंत भक्तांची लहान लहान मंडळे उभी राहिली. 1977 च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या 52 व्या कलमाने उपासनेचे स्वातंत्र्य मान्य केले होते. पण 1929 च्या कायद्याप्रमाणे धार्मिक मंडळाला नोंदणी सक्तीची होती आणि ती द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर होते. अर्ज केला तर नोंदणी मिळायची नाही, आणि नोंदणी नाही म्हणून पुन्हा मंडळ बेकायदा ठरायचे. खटले भरले जात ते रशियन फौजदारी संहितेच्या 227 व्या कलमाखाली, म्हणजे धार्मिक विधींच्या आडून नागरिकांच्या आरोग्याला आणि हक्कांना बाधा आणल्याबद्दल. आरोग्याला बाधा कशाने, तर शाकाहाराने, अपुऱ्या झोपेने आणि तासन्‌तास चालणाऱ्या जपाने! काकडआरतीला पहाटे उठणाऱ्या आणि एकादशी करणाऱ्या घरात मी वाढलो. तो आरोप वाचताना मला माझी आजीच त्या पिंजऱ्यात उभी दिसते.

पिन्यायेवना मनोरुग्ण ठरवून मनोरुग्णालयात डांबण्यात आले आणि जबरदस्तीने औषधे देण्यात आली. श्रमछावण्यांत गेलेल्या भक्तांच्या आठवणी त्याहून जवळच्या वाटतात. तुरुंगाच्या जेवणात मांस असे, म्हणून ते बाजूला सारून ही मुले पावाला मीठ लावून खात, आणि त्याच पावाचा लगदा मळून, मणी वळून, वाळवून जपमाळ करत. पोट भरत नसताना पावातला घास मण्यांसाठी बाजूला काढणे म्हणजे काय, हे माळेचे मोल जाणणाऱ्या वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला सांगावे लागू नये. सार्किस ओहानजान्यान हा आर्मेनियन तरुण डिसेंबर 1987 मध्ये ओरेनबुर्गच्या छावणीत वारला. तो जेमतेम 23 वर्षांचा होता. त्यानंतर पाचच महिन्यांनी, मे 1988 मध्ये, मॉस्कोतील मंडळाला सरकारने नोंदणी दिली.

मी इस्कॉनचा अनुयायी नाही आणि त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असेही नाही. हे दुःख केवळ कृष्णभक्तांच्या वाट्याला आले असेही मी म्हणत नाही. एप्रिल 1951 मध्ये यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या नऊ हजारांहून अधिक लोकांना, लेकराबाळांसह, आगगाडीत कोंबून सैबेरियात हद्दपार करण्यात आले होते. पंथ कोणता याला महत्त्व नव्हते. पक्षाच्या नजरेबाहेर माणसे एकत्र जमतात, एवढेच सत्तेला सहन होत नव्हते.

2011 मध्ये रशियातील टोम्स्कच्या न्यायालयात प्रभुपादांच्या गीतेवरील भाष्यावर बंदीची मागणी झाली, तेव्हा आपल्या लोकसभेत गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. मात्र 1980 च्या दशकात त्याच गीतेसाठी जे प्रत्यक्ष तुरुंगात होते, त्यांचे नावही आमच्या घरी कधी कुणाच्या तोंडून ऐकू आले नाही. सोव्हिएत पुस्तकांवर आपण पुन्हा लिहाल, आणि जरूर लिहावे. त्या वेळी या कैद्यांसाठीही पुरवणीतील एक पान राखून ठेवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक जुना वाचक, सातारा